गाडी थंड असताना बघा

(सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

स्वयंपाक उरकला असेल तर निवांत बसून ऐका, नसेल तर भाकऱ्या थापता थापता ऐका. आज मी बचतीवर बोलणार नाही. शेवटी हप्त्याचा विषय निघणारच, गटाच्या ताईचं बोलणं हप्त्यापाशी गेल्याशिवाय राहत नाही. पण आजचा विषय आहे जुनी चारचाकी. सेकंडहँड गाडी, आणि तीही मागे डिकी असलेली, जिला सिडान म्हणतात.

तुम्ही म्हणाल, हा काय बायकांचा विषय? तर आमच्या पाटण तालुक्यात मी ज्या गटांच्या बैठका घेते, तिथे पूर्वी म्हैस, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यासाठी कर्ज मागत. आता गाडीसाठी मागतात. कुणाला स्वतः चालवायची असते, कुणाच्या मुलाला भाड्याने फिरवायची असते. नवी गाडी आपल्या आवाक्यातली नाही, म्हणून जुनी. आणि जुन्यात डिकीची हवी, कारण मुंबईहून यात्रेला येणारी माणसं येताना बॅगा आणतात आणि जाताना तांदळाचं पोतं नेतात.

आता मला सांगा, म्हैस घेताना आपण काय करतो? दात बघतो, आचळं बघतो, दोन वेळची धार आपल्यासमोर काढायला लावतो, वर शेजारणीला हळूच विचारतो की म्हैस लाथ मारते का. आणि गाडी घेताना? रंग बघतो, सीटकव्हर बघतो, गाणी वाजतात का बघतो. मी हे दुसऱ्यांना हसून सांगत नाही. मी स्वतः असंच केलं आहे, आणि त्याचे पैसे दुसरीने भरले आहेत. ते आधी सांगते.

आमच्या एका गटातल्या वहिनी. मालक मुंबईला माथाडी कामगार. वहिनी गाडी शिकल्या, लायसन काढलं, आणि दवाखान्याची, लग्नाची भाडी मारायची ठरवलं. पिवळ्या पाटीची, म्हणजे टुरिस्ट परमिटची एक गाडी कराडच्या बाजूला विकायला होती. किंमत 2,40,000. गटाने अंतर्गत कर्जातून 80,000 दिले, बँकेच्या कर्जातले 1,00,000 आणि 60,000 वहिनींचे स्वतःचे. मे महिना, दुपारचे दोन. आम्ही चार बायका आणि वहिनींचे दीर गाडी बघायला गेलो. भाऊजींना गाडीतलं कळतं असं सगळे म्हणत होते. भाऊजी ट्रॅक्टर चालवतात.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालूच होती. आत एसी लावलेला. आम्ही उन्हातून आलेल्या, आत बसलो आणि कुणाला उतरावंसं वाटेना. सरबत आलं. हायवेला दहा मिनिटं फेरी मारली, लोण्यासारखी पळाली. त्याच दिवशी इसार दिला. आणि गटाच्या इतिवृत्तात मी माझ्या अक्षरात लिहिलं, "गाडी समक्ष पाहिली. सुस्थितीत आहे." खाली सही.

बाविसाव्या दिवशी वहिनी चार माणसं घेऊन चिपळूणला निघाल्या. कुंभार्ली घाटात लाल दिवा लागला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. टो करून गॅरेजला आणली. हेड गॅस्केट गेलेलं, हेड वाकलेलं. मिस्त्री म्हणाले, हे आजचं नाही, आधी कुणीतरी उघडून, पेस्ट लावून कसंबसं बसवलेलं आहे. खर्च 38,000, आणि गाडी 17 दिवस उभी. त्यानंतरच्या दोन बैठकांना वहिनी आल्या नाहीत. हप्ता मुलीबरोबर पाठवायच्या, वेळेवर. मी घरी गेले. चहा दिला, इकडचं तिकडचं बोलल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्ही लिहिलं होतं ना, सुस्थितीत आहे म्हणून."

त्यानंतर मी त्या मिस्त्रीकाकांकडे जाऊन बसले. म्हटलं, मला शिकवा. ते आधी हसले, मग शिकवलं. आजवर त्यांच्याबरोबर सात गाड्या बघून आले. मी काही मिस्त्री झाले नाही. पण कोणत्या गाडीपासून लांब राहायचं ते कळायला लागलं आहे, आणि तेवढंच आज सांगते.

सगळ्यात पहिली गोष्ट, गाडी थंड असताना बघायची. सकाळी, मालकाने ती चालू करायच्या आधी. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजा, तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली होती. का ठेवली असेल? कारण झिजलेलं इंजिन गार असताना पटकन चालू होत नाही, खडखड करतं, धूर टाकतं. एकदा तापलं की तेच इंजिन गुमान चालतं. आम्ही दुपारी दोनला गेलो आणि चालू गाडीत बसलो, तिथेच फसलो. आता आम्ही दहाला येतो म्हणून सांगतो आणि आठला जातो. वाईट दिसतं, माहीत आहे. विकणारा भला माणूस असेल तर त्याला काही वाटत नाही.

गाडी थंड आहे तोवर बॉनेट उघडा. ऑईलची पट्टी असते, पिवळ्या नाहीतर नारिंगी मुठीची. ती ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. ते काळं असेल तर घाबरू नका, वापरलेलं ऑईल काळंच होतं, डिझेलचं तर लगेच होतं. पण ते दुधाच्या चहासारखं, फेसाळ दिसलं तर गाडीकडे पाठ करा. त्याचा अर्थ ऑईलमध्ये पाणी गेलं आहे. ऑईल भरायचं झाकणही उघडून आतून बघा. तिथे थोडीशी पिवळट साय पावसाळ्यात, कमी अंतर चालणाऱ्या गाडीला धरू शकते, वाफ जमते म्हणून. पण झाकणाला साय आणि पट्टीलाही तसंच ऑईल, असं असेल तर शंका ठेवू नका.

हे पाणी येतं कुठून ते सांगते, कारण आमची 38,000 ची गोष्ट हीच आहे. इंजिनाचे दोन मोठे भाग. खाली ब्लॉक, वर हेड. मध्ये गॅस्केट, जशी कुकरच्या झाकणाला रिंग. आत पेट्रोल किंवा डिझेल जळतं, बाजूने गार करणारं पाणी फिरतं, ऑईल फिरतं. गॅस्केट या तिघांना एकमेकांत मिसळू देत नाही. गाडी एकदा जोरात तापली, पाणी संपलं तरी कुणी तशीच पळवली, की हेड वाकतं, गॅस्केट जळतं आणि सगळं एकमेकांत शिरतं. रिंग खराब झालेला कुकर मंद आचेवर चालतो तसा चालतो, शिटीची वेळ आली की बाजूने फसफसतो. तशी ही गाडी सपाट रस्त्याला दहा मिनिटं नीट चालते. चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि समोर घाट, मग कळतं.

म्हणून रेडिएटरचं पाणी बघायचं. झाकण गाडी पूर्ण थंड असतानाच उघडायचं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, तेव्हा मालक म्हणाला तरी उघडू नका. आत रंगीत कूलंट दिसायला हवं, हिरवं, लाल, निळं, कंपनीप्रमाणे कोणतंही. नुसतं नळाचं पाणी असेल, किंवा विटकरी गंजाचं पाणी असेल, तर त्या गाडीची निगा राखलेली नाही. वर तेलाची तवंग दिसली तर तीच गॅस्केटची गोष्ट. आणि वरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत अगदी नवंकोरं कूलंट असेल तरी खुश होऊ नका, विचारा कधी भरलं आणि का भरलं.

आता गाडी चालू करायला सांगा, पण आधी नुसती चावी फिरवून थांबायला सांगा. समोर दिवे लागतील. इंजिनाच्या आकाराचा पिवळा, ऑईलच्या किटलीचा लाल, बॅटरीचा लाल, एअरबॅगचा. हे सगळे लागले पाहिजेत, आणि गाडी चालू झाल्यावर विझले पाहिजेत, हँडब्रेक ओढलेला असेल तर त्याचा तेवढा राहील. इथे एक चलाखी असते. इंजिनाचा दिवा सारखा लागत असेल तर तो विझवायचा खर्च मोठा, म्हणून काही जण तो दिवाच बंद करून टाकतात. म्हणजे चावी फिरवल्यावर जो दिवा लागतच नाही, त्याचीच जास्त काळजी करायची. हे मला मिस्त्रीकाकांनी सांगितलं तेव्हा मला आमच्या एका गटाचं कोरं इतिवृत्त आठवलं, कधीच भांडण नाही असं दाखवणारं.

काही नव्या गाड्यांना तापमानाचा काटा नसतो. थंड असताना निळा दिवा लागतो, फार तापली की लाल. वहिनींची गाडी तशीच होती. त्या दुपारी निळा दिवा दिसलाच नव्हता. आम्हाला तो दिसायला हवा हेच माहीत नव्हतं.

गाडी चालू झाली की एकीने मागे सायलेन्सरपाशी उभं राहायचं. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ येते आणि मिनिटा-दोन मिनिटांत जाते, ती चालते. पांढरा दाट धूर येतच राहिला आणि गोडसर वास आला, तर इंजिन पाणी पितं आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल खातं आहे, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, कधी साधा एअर फिल्टर तुंबलेला असतो, कधी इंजेक्टर नाहीतर टर्बो, आणि टर्बोचा खर्च ऐकून झोप उडते. निळा धूर बघायला थोडा दम धरावा लागतो. गाडी दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची आणि मग एकदा ॲक्सिलरेटर दाबायला सांगायचं. तेव्हा निळा भपका येतो.

मग बॅक कॉम्प्रेशन. हा शब्द सगळ्या गॅरेजांत ऐकाल. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण सैल करून वरच ठेवायचं. थोडं थरथरलं तर ठीक. उडायला लागलं, खालून भकाभका धूर यायला लागला, तर रिंगा गेल्या. हे मात्र मिस्त्रींना करू द्या. चालत्या पट्ट्यांपाशी आपला पदर, ओढणी नको. मी साडी खोचून, लांब उभी राहून बघते.

इंजिनाचा टायमिंग बेल्ट कधी बदलला, हेही विचारायचं. काही इंजिनांना चेन असते, काहींना रबरी बेल्ट. बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि तेवढे पैसे किमतीतून कमी मागायचे.

इतकं सगळं उभ्या गाडीचं. आता चालवून बघणं. हायवेवर नको, हायवेला सगळ्याच गाड्या गुणी असतात. आपल्याकडे चढ-उतारांना काय कमी, चढाला न्या, खडबडीत रस्त्याला न्या. जितकी माणसं पुढे बसवायची आहेत तितकी बसवून न्या.

चढाला इंजिनाचा आवाज वाढतो आहे पण गाडी वेग घेत नाही, असं झालं तर क्लच प्लेट घसरते आहे. सपाटीला याची आणखी एक परीक्षा आहे. समोर कुणी उभं नाही हे बघून, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. गाडी बंद पडली पाहिजे. बंद न पडता इंजिन गुरगुरत राहिलं तर क्लच संपला. एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा नाही, दुसऱ्याची गाडी आहे. गिअर टाकताना करकर होते का, विशेषतः दुसऱ्याला आणि रिव्हर्सला, ते ऐका. चढाला गिअर आपोआप निसटत असेल तर ती गाडी नको.

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. पुढच्या चाकातून कट कट कट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेला. खडीच्या रस्त्याला पुढून टकटक आली तर बुश, लिंक रॉड, लोअर आर्म यांतलं काहीतरी. हा आवाज जुन्या गाडीला थोडा असतोच, त्यावरून गाडी सोडायची नाही, खर्च विचारायचा आणि भाव पाडायचा. हेच मी आधी उलटं करत होते. छोट्या आवाजाला घाबरायचे आणि मोठ्या आजाराला हसत सही करायचे.

ब्रेक मात्र बघाच. रिकाम्या सरळ रस्त्याला चाळीसच्या वेगाने ठाम ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढली, पायाला थरथर लागली, किंवा पेडल खाली जात राहिलं, तर दुरुस्ती झाल्याशिवाय तीत कुणी बसायचं नाही. फेरी मारून आल्यावर गाडी बंद करू देऊ नका. एसी लावून पंधरा मिनिटं उभी चालू ठेवा. पुढचा पंखा थांबून थांबून किंवा सतत फिरला पाहिजे, तापमान वाढता कामा नये. ज्यांना घाटात जायचं आहे त्यांनी या पंधरा मिनिटांचा कंटाळा करू नये. आम्हाला विकणाऱ्याने आम्ही उतरताक्षणी चावी काढून खिशात टाकली होती, ते मला आता आठवतं.

उठायच्या आधी गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवायचा. काळा डाग ऑईलचा, रंगीत डाग कूलंटचा. एसीचं स्वच्छ पाणी ठिबकतं, ते चांगलंच.

आता पुराच्या गाड्या. हे आपल्या भागाला फार लागू आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, 2021 च्या जुलैत चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. आंबेघर, मिरगावला दरड कोसळली तेच दिवस, आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. त्या पुरांत गाड्याही बुडाल्या. अशा कितीतरी गाड्या विमा कंपनीकडून भंगाराच्या भावाने लिलावात जातात, धुवून, सुकवून, नवी सीटकव्हरं घालून पुन्हा बाजारात येतात. पाण्याने वायरिंगचे जोड आतून गंजतात आणि त्रास सहा महिन्यांनी, वर्षाने सुरू होतो. आज दिवा, उद्या काच, परवा गाडीच बंद. ओळखायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुतलेला भाग आपल्याला दिसतो, गुंडाळलेला भाग धुवायचं राहतं, तिथे चिखलाची रेघ सापडते. सीटखाली हात घाला, रुळांवर गंज आणि माती बघा. डिकीतली स्टेपनी काढा, तिच्या खळग्यात गाळ आहे का बघा. आणि आत गेल्या गेल्या अत्तराचा भपकारा आला तर काचा वर करून पाच मिनिटं बसा. खालून कुबट वास येतोच.

स्टेपनीचा खळगा अपघातही सांगतो. मागून ठोकलेली गाडी तिथे सुरकुतलेली असते किंवा नव्याने वेल्डिंग केलेली असते. बॉनेटच्या, दरवाज्याच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर ते खोललेले आहेत. बाहेरून लांबी भरून रंग दिला की डोळ्याला कळत नाही, पण आमच्या शिवणकामाच्या गटाने यावर उपाय काढला. टाचण्या उचलायचा चुंबक फडक्यात गुंडाळून न्यायचा आणि पत्र्यावर ठिकठिकाणी लावायचा. लांबी जाड असेल तिथे तो धरत नाही. बंपरला नका लावू, तो प्लॅस्टिकचाच असतो. एका मावशींनी बंपरला लावून मालकाशी भांडण काढलं होतं.

मीटरवर किती किलोमीटर दाखवतं यावर जाऊ नका, मीटर मागे करता येतं. 50,000 दाखवतं आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं चकाकतं, मग कसं? मालकाला घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, गाडी तिथे जात असेल तर नंबरवरून जुन्या नोंदी निघतात. टायरवर चार आकडे एका चौकटीत असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. 3219 म्हणजे 2019 चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी फार जुनं रबर तडकतं. आणि टायर एकाच बाजूने झिजला असेल तर पुढच्या चाकांचं अलाइनमेंट नाहीतर खालचे सांधे बघायला सांगा.

सीएनजीची गाडी असेल तर ती पेट्रोलवरही चालवून बघा. कित्येकजण पेट्रोलची टाकी कोरडी ठेवतात आणि पंप जळतो. डिकीतल्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख बघा, आणि सीएनजी आरसीवर चढवलेली आहे का ते बघा.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्याशी अक्षर न अक्षर जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली चलनं बघा. भाडं मारायचं असेल तर पांढऱ्या पाटीची गाडी चालत नाही, परमिट लागतं. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. पण फिटनेसचा कागद म्हणजे इंजिन चांगलं, असं नाही. वहिनींच्या गाडीचा फिटनेस व्यवस्थित होता. नाव बदललं की चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज द्या, अपघात विचारून होत नाही.

गेल्या कार्तिकात दुसऱ्या एका गटाबरोबर गाडी बघायला गेलो. दहाची वेळ दिली होती, आठला पोचलो. मालक दात घासत होता. गाडी गार होती. तिसऱ्या झटक्याला चालू झाली, निळा भपका सोडला. काकांनी झाकण सैल केलं, ते नाचायला लागलं. गाडी दिसायला इतकी देखणी, मोतिया रंगाची, की ज्या मुलीसाठी बघत होतो तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या मनात त्या गाडीला हार घालूनसुद्धा झाला होता. आम्ही उठलो. मिस्त्रीकाकांना सकाळचे 700 रुपये दिले. परतताना जीपमध्ये कुरबूर सुरू झाली, गाडी नाही ती नाही, वर 700 गेले. अध्यक्षा काकी पुढच्या सीटवर होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "38,000 मधून 700 वजा करा गं कुणीतरी." हे 700 आता गट भरतो. गाडी घेणारीने भरायचे ठरले तर ती मिस्त्रीच नेत नाही, असा अनुभव आहे. आणि मिस्त्री आपला हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

त्या मुलीला दोन महिन्यांनी दुसरी गाडी मिळाली. रंग फिका, डाव्या दरवाज्याला पोचा, पुढून टकटक. बुश बदलायला 3,200 लागले, ते किमतीतून आधीच कमी करून घेतले होते. ती गाडी बघायला वहिनीही आल्या होत्या. मी बोलावलं नव्हतं, स्वतः आल्या. सीटबेल्ट ओढून बघितला तो त्यांनी.

इतिवृत्तात आता "सुस्थितीत आहे" असं कुणी लिहीत नाही. त्याऐवजी एक पान केलं आहे. गाडी किती वाजता पाहिली, बॉनेट गार होतं का, ऑईलची पट्टी कुणी काढली, चढाला कोण बसलं होतं, मिस्त्री कोण, आणि प्रत्येकापुढे बघणारीची सही. पहिल्या ओळीत माझी नसते, जी गाडी घेणार तिची असते. ज्या गटांना त्या पानाची नक्कल हवी असेल त्यांनी महिन्याच्या बैठकीत माझ्याकडून मागून घ्यावी. चुंबक आणि पुठ्ठा मात्र ज्याचा त्याने आणायचा.